अंगणातली हजेरी

आमच्या घरात शिक्षकीचा रोग तीन पिढ्यांचा आहे. आजोबा लोकल बोर्डाचे मास्तर, वडील जिल्हा परिषदेचे गुरुजी, थोरला भाऊ संगमनेरला कॉलेजात, मी प्राथमिक शाळेवर, आणि कमी पडलं म्हणून की काय, नवराही मी शिक्षकच बघून केला. तो काष्टीकडच्या शाळेवर असतो, शनिवारी घरी येतो. आमच्याकडे जेवताना हात वर केल्याशिवाय कुणी भाजी मागत नाही, असं माझी आत्या म्हणायची. ती स्वतः अंगणवाडीत होती.

गाव मिरजगावच्या हायवेपासून सात-आठ किलोमीटर आत आहे. ज्या शाळेत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म काढला तिथंच आता मी आहे. मी शिकत होते तेव्हा शाळा एकशिक्षकी होती. चारही इयत्ता एका खोलीत, चौतीस पोरं आणि एकटे अण्णा. अण्णांनी सगळ्यांची हजेरी एकाच कॅटलॉगात ठेवलेली. आधी मुलं, अठरापर्यंत. मग एकोणीसपासून मुली. नाव कधी घ्यायचे नाहीत, नंबर पुकारायचे. माझा नंबर सव्वीस.

घरी ते अण्णा, पण शाळेच्या फाटकाच्या आत फक्त गुरुजी. हा आमच्या घरचा कायदा होता. आजोबांनी अण्णांना लावला, अण्णांनी मला. एकदा दुसरीत असताना मी चुकून वर्गात 'अण्णा' म्हटलं, तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा 'गुरुजी' म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "काय पाहिजे, सव्वीस?" मला त्या दिवशी खूप रडू आलं होतं, पण पुन्हा कधी चुकले नाही.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर अण्णांनीच मला वाढवलं. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते जे म्हणतील त्याला हो म्हणत जा, वाद घालू नका. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवणाऱ्या बाईला हे किती अवघड, ते डॉक्टरांना काय ठाऊक.

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात ते सुरू झालं. सकाळी साडेनऊला अण्णा पांढरा शर्ट घालून ओसरीवर आले, अंगणाकडे तोंड करून खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, कॅटलॉग द्या." मला ते शाळेतली बाई समजत होते. मी शाळेच्या कपाटातला एक कोरा, जुना कॅटलॉग आणून दिला. सरकारी वस्तू घरी वापरायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी पट्टीनं रेघा आखल्या, चष्मा पुसला आणि मोकळ्या अंगणाकडे बघत म्हणाले, "एक."

मग थांबले. पोरगं 'हजर' म्हणायला जेवढा वेळ घेईल तेवढेच थांबले. तिरकी रेघ मारली. "दोन."

मला आधी हसू आलं. पण सातव्या नंबरला ते जास्त वेळ थांबले, मान थोडी पुढं करून, ओठ हलवत, जणू कुणाला तरी शब्द काढायला मदत करताहेत. आमच्या वर्गातला सात नंबर तोतरा होता. 'हजर'मधला ह त्याच्या घशातच अडकायचा आणि अण्णा असेच वाट बघायचे. नऊपर्यंत गेल्यावर त्यांना डुलकी लागली.

मग ते रोजचंच झालं. रोज पहिल्यापासून सुरुवात आणि जिथं थकतील तिथं शेवट. ऊन चांगलं लख्ख पडलेलं असायचं, शेजारणी दळण निवडायला बसलेल्या असायच्या, रस्त्यानं ट्रॅक्टर जायचे. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. तरी पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी अंगणातून सरळ चालत नाही. फाटकाकडे जाताना भिंतीच्या कडेकडेनं जाते. मध्ये पोरं बसलीत, त्यांच्या वह्यांवर पाय पडायला नको.

पंधरा नंबर आमच्याच गावात दुधाचं संकलन करतो. रोज त्याच वेळेला त्याची मोटारसायकल घरावरून जाते. एके दिवशी अण्णांनी "पंधरा" म्हणायला आणि तो फाटकाशी यायला गाठ पडली. गडी गाडीवरूनच ओरडला, "हजर गुरुजी."

अण्णांनी मान वर केली नाही. "उशीर झाला."

"व्हय गुरुजी. म्हैस लई तरास देती हल्ली."

"उद्यापासून वेळेवर ये," असं म्हणत अण्णांनी रेघ मारली. मी आणि तो दोघंही हसलो. त्या दिवसापासून तो रोज थांबायला लागला. कॅन्या फाटकापाशी ठेवायचा, ओट्यावर टेकायचा आणि आपला नंबर आला की हजेरी देऊन जायचा. पन्नाशीला आलेला माणूस, पण 'हजर' म्हणताना त्याचा आवाज बारीक व्हायचा.

त्यानंच ते पहिल्यांदा पाहिलं. एका सकाळी अण्णांना डुलकी लागल्यावर तो त्यांच्या मांडीवरचा कॅटलॉग वाकून बघत बसला होता. मग मला हळूच हाक मारून म्हणाला, "बाई, हे बघितलं का तुमी?"

सगळ्या रकान्यांत तिरक्या रेघा होत्या. फक्त दोन नंबरांपुढं रोज गैरहजेरीचं 'गै' लिहिलेलं. चार आणि अकरा.

"चार नंबर उसाच्या ट्रॉलीखाली गेला," तो म्हणाला. "अकरा करोनात. दोघंबी न्हाईत आता. गुरुजींना कसं कळतंय?"

"त्यांना माहीत असणार. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"त्यांना सकाळी काय खाल्लं ते ठावं नसतंय, बाई."

मी त्याला योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी पोरांना मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही हे दरवर्षी शिकवते, त्यामुळे ते भाषण माझं पाठ आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कॅन्या उचलून गेला. जाताना तोही भिंतीच्या कडेनं गेला, हे मी पाहिलं.

थंडी वाढली तशी नव्या गोळ्यांनी अण्णांची हुशारी वाढत गेली. डुलकी उशिरा यायला लागली, हजेरी पुढं सरकायला लागली. अठरा झाले, मुलगे संपले. एकोणीस नंबरची मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेली होती आणि मागच्या उन्हाळ्यात तिकडंच वारली. ते मला आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲपवर कळलं होतं. अण्णांना मी सांगितलं नव्हतं, गावातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. "एकोणीस," अण्णा म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात धरून उभी होते. ते नेहमीएवढे थांबले. मग चष्म्यावरून अंगणातल्या एका ठरावीक जागेकडे बघितलं, जिथं मुलींची पहिली ओळ सुरू व्हायला हवी तिथं, आणि 'गै' लिहिलं.

तव्यावरची पोळी जळाली. ती मी गुपचूप खाल्ली आणि शाळेत गेले.

त्या दिवसापासून मला मरणाची भीती वाटायला लागली. उगाच आडवळण कशाला घ्या, साधी, सरळ, मरणाची भीती. एकोणीसनंतर वीस, एकवीस. रोज एखाददुसरा नंबर पुढं. सव्वीसला अण्णा रेघ मारतात की 'गै' लिहितात, एवढ्यावर माझा जीव टांगलेला. छातीत अधूनमधून कळ यायची. डॉक्टरकडे जायचं धाडस होईना. नवऱ्याला सांगावं तर तो माझ्याच भाषणातली वाक्यं मला ऐकवणार.

मी काय केलं, तर शाळेचं दप्तर पूर्ण करून ठेवलं. पोषण आहाराच्या नोंदी, साहित्याची यादी, शाळा समितीचं इतिवृत्त, सगळं तारखेपर्यंत आणलं. माझ्यामागं जो येईल त्यानं मला नावं ठेवायला नकोत. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीरपणे रात्रंदिवस तेच करत होते. दुसरं कुणी कपड्यांच्या घड्या घातल्या असत्या, देवाला नवस केला असता. आम्ही मरतानाही तपासणीसाठी तयार राहणारी माणसं.

एकदा कॅटलॉग लपवला. अण्णांनी बोटानं मांडीवर रेघा मारत हजेरी घेतली, आणि काय मारलं ते मला दिसेना, म्हणजे आणखीच पंचाईत. एकदा लवकर शाळेत निघून गेले, तर दिवसभर फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि काय लिहायचं ते आठवेना. एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, सव्वीस नंबर कोण हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्ग चालू असताना मध्ये बोलू नये, बाई," असं म्हणून पुढचा नंबर पुकारला.

आणि मग तो दिवस आला. चोवीसला रेघ. पंचवीसला रेघ. मी पोळपाट बाजूला सारला, हात पुसले आणि ओसरीच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. पंधरा नंबर आपली हजेरी देऊनही गेला नव्हता, मुद्दाम थांबला होता. माझा नंबर त्यालाही पाठ होता.

"सव्वीस."

"हजर, गुरुजी," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

अण्णा वाट बघत थांबले. माझ्या अंगावरून त्यांची नजर मागं कुठंतरी गेली, परत आली. त्यांनी पेन टेकवलं आणि 'गै' लिहिलं.

"हजर आहे मी," मी ओरडलेच. "इथं उभी आहे ना."

ते दचकले. मग माझी ओळख पटल्यासारखे हसले आणि समजूत काढल्यासारखं म्हणाले, "नाही बाई. सव्वीस आज यायची नाही. तिच्या आईला बरं नाही. मीच तिला घरी थांबायला सांगितलंय. जवळ कुणीतरी पाहिजे ना." थोडं थांबून म्हणाले, "शाळा सुटली की जाईन मी."

पंधरा नंबरनं खाली बघितलं. मी आत गेले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शाळेतली जुनी लोखंडी पेटी उघडली. असली दप्तरं कधीच निकाली काढायला हवी होती, पण अण्णांनी काही टाकलं नव्हतं आणि त्यांच्यानंतर कुणाला सवड झाली नव्हती. मी चौथीत होते त्या वर्षीचा कॅटलॉग सापडला. आई ज्या दिवशी गेली तो दिवस शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवसाच्या उभ्या रकान्यात चार 'गै' होते. चार, अकरा, एकोणीस आणि सव्वीस.

चार, अकरा आणि एकोणीस त्या महिन्यात कुठंच हजर नव्हते. तिघांचीही घरं ऊसतोडीला जायची. दिवाळीनंतर गेलेली पोरं उन्हाळ्यातच परत दिसायची. जी पोरं शाळेत कमी आली ती जगातूनही लवकर गेली, यात भुताखेताचं काही नाही. हे मला पटतं. शाळेच्या खोलीत, खिडकी उघडी असताना चांगलं पटतं.

मी दुसरंच काहीतरी बघत होते. कॅटलॉगात सकाळची आणि दुपारची हजेरी वेगवेगळी असते. दुपारच्या रकान्यातही ते चार सोडून एकापासून चौतीसपर्यंत रेघा होत्या, एकही वाकडी नाही. गावात अण्णांचे जेवढे सत्कार झाले तेवढ्यांत एक वाक्य ठरलेलं असायचं, की बायको गेली त्या दिवशीसुद्धा गुरुजींनी शाळा पूर्ण घेतली. लोक टाळ्या वाजवायचे. अण्णा शालीच्या दशा चाळवत खाली बघत बसायचे. ते खोटं होतं. अण्णांना ठाऊकच नव्हतं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं, आणि भाऊ बाहेरगावी हायस्कुलात असल्यानं कळवणारी मी एकटीच होते.

आई दुपारी गेली. जेवणाच्या सुट्टीनंतरची घंटा झाली तेव्हा ती मला म्हणाली, "सुटली का गं शाळा?" मी म्हटलं, नाही, आत्ता तर भरली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं. मग विचारलं नाही. मी तिचा हात हलवून बघितला आणि मला कळलं. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पळत गेले असते तर दोन मिनिटं लागली असती. पण गुरुजी वर्गात होते आणि माझी गैरहजेरी लागलेली होती. वर्ग चालू असताना काय म्हणून आत शिरायचं आणि कुणाला हाक मारायची, हे मला सुचेना. मी आईच्या उशाशी बसून शाळा सुटायची वाट बघितली. पाचची घंटा झाली, अण्णा आले, चपला काढल्या, आत आले. मी म्हटलं, आत्ताच गेली.

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावालाही नाही. अण्णांना तर कधीच नाही. आईचं अंग हाताला कसं लागलं असेल त्यांना, आणि त्यावरून त्यांना काय कळलं असेल, हा विचार मी इतकी वर्षं पूर्ण होऊ दिला नव्हता. पेटीशी बसून तो पूर्ण झाला. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि रोज सकाळी ते त्याच दिवसाची हजेरी घेत होते. शाळेचा शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा मी अजून तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला अण्णा ओसरीवर आले. पांढरा शर्ट, चष्मा पुसणं, रेघा. मी आज स्वयंपाक केला नव्हता. खुर्चीशेजारी उभी राहिले. एक, दोन, सातला थांबणं, पंधराला फाटकावरून आवाज. एकोणीस. 'गै'. पंचवीसला रेघ.

"सव्वीस."

या वेळी मी गप्प राहिले. त्यांनी लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. पुढचा नंबर पुकारायला हवा होता, पण त्यांची नजर घराच्या दाराकडे गेली होती.

मी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घरी जा. वर्ग मी सांभाळते."

त्यांनी वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या नोकरीत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायला दुसरं कुणी नव्हतंच शाळेत.

"शाळा सुटायला वेळ आहे, बाई."

"असू दे. तुम्ही जा. मी आहे."

"तपासणी आली तर?"

"मी सांगेन."

ते उठले. कॅटलॉग माझ्या हातात दिला, पेन दिलं. "सव्वीसपर्यंत झालीय. सत्तावीसपासून घ्या. सात नंबरला घाई करू नका, तो बोलतो, जरा वेळ लागतो त्याला." मग ओसरीची पायरी उतरून अंगणात गेले, भिंतीच्या कडेकडेनं फाटकापर्यंत गेले, तिथून वळले आणि बाहेरून घरी आल्यासारखे परत आले. दाराशी चपला काढल्या. ते आत गेले आणि आईची खाट जिथं असायची त्या खोलीचं दार वाजलं.

त्या खोलीत आता धान्याच्या कणग्या आहेत. मला आत जाऊन बघायचं होतं, पण वर्ग उघडा टाकता येत नव्हता. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि अंगणाकडे बघितलं. ऊन पडलं होतं, कोंबड्या होत्या, फाटकाशी पंधरा नंबर टोपी हातात घेऊन उभा होता.

"सत्तावीस," मी म्हणाले आणि थांबले.

आतून अण्णांचा आवाज येत होता. शाळेतला नाही, घरातला, मी विसरून गेले होते तो. कुणाशी तरी बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. "आलो मी," ते म्हणत होते. "आज लवकर सोडली शाळा."